ट्रॅक लावला म्हणजे बँड फसवतोय? थांबा जरा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला, त्यातला एक तर आमच्याच बँडचा जुना बेसिस्ट. थोडक्यात मजकूर असा, की स्टेजवर लॅपटॉप दिसला म्हणजे बँड फसवतोय, जुन्या रॉक बँडांनी असलं कधीच केलं नाही, ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत, लावला की वाजवणाऱ्यांना काम उरत नाही, लॅपटॉप बंद पडला की शो बंद, आणि अशा शोचे पैसे परत मागा. मी गोव्यात फोंड्यातल्या एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि तो लॅपटॉप माझ्याच बाजूला असतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

जुने बँड करत नव्हते म्हणे. अहो, द हू हा ब्रिटिश रॉक बँड घ्या ना. 1971 च्या त्यांच्या दोन मोठ्या गाण्यांत जो सिंथेसायझर ऐकू येतो तो स्टेजवर टेपवरून वाजायचा, आणि ड्रमर कीथ मून, ज्याच्या दंग्याच्या गोष्टी अजून सांगतात, तो कानाला हेडफोन लावून त्या टेपला धरून वाजवायचा. 1973 च्या दौऱ्यात त्या टेपांनी इतका त्रास दिला की न्यूकॅसलला त्यांचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड भर स्टेजवर भडकला. क्वीनचं बोहेमियन ऱ्हॅप्सोडी तर सगळ्यांनाच माहीत आहे, त्यातला ऑपेराचा भाग म्हणजे तिघांच्याच गळ्यांचे थरावर थर, तो चौघांनी स्टेजवर गायचा कसा? गायचेच नाहीत, आत निघून जायचे, टेप चालायची, लाइट खेळायचे आणि गिटारचा भाग आला की परत बाहेर. 1985 च्या लाइव्ह एडला तर त्यांनी फक्त सुरुवातीचा भाग घेतला आणि ऑपेरा सोडूनच दिला. पिंक फ्लॉइडच्या मनी गाण्यातला गल्ल्याचा खणखणाट स्टेजवर टेपवरूनच यायचा. म्हणजे ज्या काळाच्या आठवणीने हा मेसेज उसासे टाकतोय त्याच काळात टेप मशीन स्टेजवर होतंच.

आता काम उरत नाही हे. यावर मला जास्त बोलायचंय कारण इथे लोकांना खरंच कल्पना नसते. आमची फाइल स्टिरिओ असते, डाव्या बाजूला लय धरायला नुसती टकटक म्हणजे क्लिक आणि उजव्या बाजूला स्ट्रिंग्ज म्हणजे व्हायोलिनसारखी वाद्यं, एखादं शेकर, कोरसचे जास्तीचे आवाज. डावी बाजू फक्त ड्रमरच्या कानात जाते, उजवी मिक्सरला, आणि लोकांना उजवीच ऐकू येते. चार टकटक झाल्या की ड्रमर स्टिक वाजवून आम्हाला आत घेतो आणि तिथून पुढची चार मिनिटं ती फाइल कुणासाठीही थांबत नाही. गायकाला वाटलं समोरचे लोक रंगलेत, एक ओळ परत घेऊ, नाही घेता येत. गिटारवाल्याने सोलो दोन बार, म्हणजे तालाची दोन मापं, लांबवला तर स्ट्रिंग्ज भलत्याच ठिकाणी येणार आणि ते सगळ्या हॉलला कळणार. ट्रॅकशिवाय वाजवताना एखादा चुकला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात, ट्रॅक सांभाळून घेत नाही. ड्रमरच्या घामाचा टी-शर्ट पिळून दाखवला पाहिजे एकदा या लोकांना.

लॅपटॉप बंद पडला की शो बंद, हे मात्र घडलंय. 2022 मध्ये फॉलिंग इन रिव्हर्स या अमेरिकन बँडने लॅपटॉप हरवले म्हणून एका मोठ्या फेस्टिव्हलचा शो रद्द केला, आणि त्यांच्यावर टीका झाली ती मला रास्त वाटते. पण एका बँडने कुबडी केली म्हणून सगळेच लंगडे होत नाहीत. मागच्या वर्षी म्हापशाकडे एका रिसेप्शनला तिसऱ्या गाण्यात ड्रमरच्या कानातली वायर गेली, क्लिक बंद आणि स्पीकरवर ट्रॅक मात्र चालूच. त्याने माझ्याकडे बघितलं, मी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला, त्याने तो पकडला, कोरस संपला तिथे मी ट्रॅक म्यूट केला आणि उरलेलं गाणं आम्ही चौघांनी तसंच वाजवून संपवलं. गाणं कोरडं वाटलं थोडं, पण कुणी नाचायचं थांबलं नाही. आम्ही प्रॅक्टिसला प्रत्येक गाणं एकदा ट्रॅकशिवाय वाजवतोच, ते यासाठीच.

राहिले पैसे परत आणि फसवणूक. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. आपल्याकडे देवळात गाण्याची बैठक असते तेव्हा बऱ्याचदा तानपुऱ्याचं मशीन किंवा मोबाइलमधलं अ‍ॅप चालू असतं, कुणी उठून बुवांना खोटं म्हणत नाही. नाटकाला पार्श्वसंगीत रेकॉर्डेडच असतं, ते ऑपरेट करणारा पोरगा विंगेत घामाघूम झालेला असतो आणि स्पर्धेत त्यासाठी बक्षीससुद्धा असतं. कारण आपण आलेलो असतो ते बुवांचा गळा आणि नटाचं काम बघायला, आणि ते समोर खरं चाललेलं असतं. मिली व्हॅनिली या पॉप जोडीची गोष्ट वेगळी होती, त्या दोघांनी अल्बमवरसुद्धा गायलेलं नव्हतं, 1990 मध्ये त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं ते योग्यच झालं. मुख्य गायकाचा आवाज फाइलमध्ये आणि तो नुसते ओठ हलवतोय, तर मीसुद्धा पैसे परत मागेन. 2014 च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, रेड हॉट चिली पेपर्स या बँडच्या गायकाचं गाणं खरं होतं आणि बाकी वाद्यं आधीच रेकॉर्ड केलेली, तेव्हा बेसिस्ट फ्लीने नंतर उघडपणे सगळं सांगून टाकलं, लपवलं नाही. मला तेवढं पुरेसं वाटतं.

मेसेज लिहिणाऱ्याला राग काढायचाच होता तर दोन खऱ्या गोष्टी होत्या आणि त्या त्याने लिहिल्याच नाहीत. एक, आपल्या गोव्यात लग्नाच्या बँडला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले असायचे, आज तो ब्रास बऱ्याच ठिकाणी फाइलमधून येतो कारण यजमानाला चार माणसांचेच पैसे द्यायचे असतात. आम्हीही ते करतो आणि त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून यंदापासून यजमान तयार असेल तिथे आम्ही एक सॅक्सवाला घेतो आणि ते ट्रॅक काढून टाकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लय. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी घुमट आरती ऐका, मातीचं घुमट, शामेळ हे तालवाद्य, कासाळं म्हणजे झांजा, सुरुवातीला संथ, मग कुणी न सांगता लय चढत जाते आणि शेवटाला घरभर नुसता नाद भरतो, ते क्लिकवर तसं होत नाही, क्लिक आपणहून चढत नाही. हे मला दर चवथीला जाणवतं आणि परत प्रॅक्टिसला गेलो की ती टकटक नकोशी होते. म्हणून आमच्या शोमधली शेवटची दोन गाणी आम्ही ट्रॅकशिवायच ठेवलीत. त्या आधी ड्रमर कानातला इअरफोन काढून गळ्यात सोडतो, मी लॅपटॉपची स्क्रीन खाली करतो आणि काउंट तो स्वतः देतो, दरवेळी जरा फास्टच.