किल्ला घेतल्यानंतर काय झाले?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हापासून महाराष्ट्रात गडांविषयी बरेच लिहिले-बोलले जात आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात राहून ते वाचताना मला एक गोष्ट खटकते. गड कोणी घेतला हे आपण अभिमानाने सांगतो; घेतल्यानंतर आतल्या शिबंदीचे काय झाले, हे मात्र सहसा विचारत नाही.

मेम्फिसच्या उत्तरेला, मिसिसिपीकाठच्या उंच कड्यावर फोर्ट पिलो आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांनी तो १८६१ मध्ये बांधला, पुढच्या वर्षी सोडला आणि उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, फौजेने तिथे ठाणे बसवले. १२ एप्रिल १८६४ रोजी दक्षिणेचा सेनानी नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याच्या घोडदळाने तो परत जिंकला. आत सुमारे सहाशे माणसे होती, त्यांत जवळपास निम्मे कृष्णवर्णीय सैनिक. तट पडल्यावर नदीतल्या युद्धनौकेचा आधार मिळेल या आशेने अनेक जण कडा उतरून पाण्याकडे धावले. तो आधार मिळाला नाही आणि शस्त्रे टाकलेल्यांनाही गोळ्या घालण्यात आल्या. गोऱ्या सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश मारले गेले, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे दोन तृतीयांश. लढाईच्या धुमश्चक्रीत असे घडतेच, हा बचाव या तफावतीपुढे टिकत नाही.

त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या समितीने रुग्णालयात जाऊन जखमींच्या साक्षी नोंदवल्या. एवढा लेखी पुरावा असूनही १९०५ मध्ये मेम्फिसमध्ये फॉरेस्टचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, आणि तो उतरायला २०१७ साल उजाडले. तेही राज्याचा कायदा आड येत असल्याने शहराने ती बागच एका संस्थेला एक हजार डॉलरांना विकली तेव्हा.

आपली यादवी या तोलाची नव्हती आणि तिची कारणेही निराळी होती, हे मी जाणतो. पण शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या संघर्षात मराठेच मराठ्यांविरुद्ध गड लढवत होते. शाहूंनी साताऱ्याचा किल्ला घेऊन १७०८ मध्ये तिथे राज्याभिषेक करवला, तर पुढे पन्हाळा ताराबाईंच्या राज्याचे मुख्य ठाणे झाला. त्या वर्षांत किल्लेदारांना आणि साध्या शिपायांना कोणता पक्ष धरावा लागला, हरलेल्यांची वतने राहिली की गेली, हे गडावरच्या फलकांवर यायला हवे असे मला ठामपणे वाटते. तटबंदीच्या डागडुजीसाठी निधी मागताना त्याच अर्जात मोडी कागद वाचणाऱ्या जाणकारांच्या मानधनाचीही मागणी करावी.