“आधी गाडी पाठवा, परवानगी पोर्टवर मिळते”: हा मेसेज पुढे पाठवू नका

मागच्या आठवड्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. “मामा, कंटेनर बुक करतोय. शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय.” त्याला ऑस्ट्रेलियाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळाली आहे, तो व्हिक्टोरिया राज्यात येणार आहे आणि त्याच्याकडे १९९७ ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. सहा वर्षं खपून त्याने ती उभी केली. स्प्रिंगचे पाटे बदलले, पुढे जाड बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावली, मूळचं एक्सडीपी इंजिन उतरवून बोलेरोचं डीआय चढवलं. आयातीची परवानगी काढलीस का, असं विचारलं तर म्हणाला, “ती तिथे उतरल्यावर मिळते ना!” कुणी सांगितलं? आईच्या ग्रुपवर मेसेज आलाय.

तो मेसेज मी मागवून घेतला. थोडक्यात असा: “ऑस्ट्रेलियाला कायमचे जाताय? लाडकी गाडी विकू नका. आरसी, पासपोर्ट आणि व्हिसा पुरे. आधी गाडी पाठवा, परवानगी पोर्टवर मिळते. घरसामानात धरतात, त्यामुळे कर शून्य. उजवं स्टेअरिंग असल्याने भारतातली गाडी तिथे जशीच्या तशी चालते. २५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर कुठलाच नियम नाही, मॉडिफिकेशनही चालतं. काही अडलंच तर कारनेट काढा.” खाली नेहमीचं: सर्व नातेवाईकांना पाठवा.

मी मेलबर्नमध्ये राहतो आणि जुन्या गाड्यांचं वेड मलाही आहे, म्हणून हे वाचून डोकं फिरलं. हे ऐकून माणूस आपली गाडी घालवून बसेल.

सगळ्यात घातक वाक्य “आधी गाडी पाठवा” हेच. ऑस्ट्रेलियात ‘रोड व्हेइकल स्टँडर्ड्स ॲक्ट २०१८’ हा कायदा आहे. त्याची नवी व्यवस्था १ जुलै २०२१ पासून चालू झाली आणि १९८९ चा जुना कायदा मागे पडला. या कायद्यात परवानगी नसताना रस्त्यावर चालणारं वाहन देशात आणणं हाच मुळात गुन्हा आहे. अर्ज संघ सरकारच्या वाहतूक खात्याकडे, ‘रोव्हर’ नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत गाडी जहाजावर चढवू नका, असं खातं स्वतःच स्पष्ट सांगतं. पोर्टवर परवानगी देणारी खिडकी नाही. बिनपरवाना आलेली गाडी गोदीत अडकते, जागेचं भाडं रोज चढतं, आणि शेवटी स्वखर्चाने परत न्या किंवा तिच्यावर पाणी सोडा एवढंच उरतं. भाच्याला कंटेनरचा दर सांगणाऱ्या एजंटने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्याला कंटेनर भरायचा होता.

आता २५ वर्षांचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गाडी बनून २५ वर्षं झाली असतील तर ‘जुनं वाहन’ म्हणून आयातीचा वेगळा मार्ग आहे आणि आजच्या गाडीला लागणारे ऑस्ट्रेलियन डिझाइन नियम तिला तसेच्या तसे लावत नाहीत. एमएम ५४० त्यात बसते. पण त्यावरून “कुठलाच नियम नाही” असं कसं म्हणता येईल? उत्पादनाचं साल कागदाने सिद्ध करावं लागतं, परवानगी याही मार्गाला लागतेच, आणि पुढे ॲस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता सोसणारं पण छातीला घातक तंतुमय खनिज, आहे. त्याचं नावसुद्धा मेसेजमध्ये नाही.

३१ डिसेंबर २००३ पासून ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे. अमुक टक्क्यांपर्यंत चालेल अशी सवलत नाही, प्रमाण शून्य हवं. आपल्याकडे भारतात क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस, अजून चालतं. घरावरचे सिमेंटचे पत्रे आठवा. जुन्या जीपमध्ये ते ब्रेक लायनर, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, सायलेन्सरच्या जोडावरचं गॅस्केट, कधी खालच्या आवाजरोधक लेपातही सापडतं. खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉस फ्री’ छापलंय, हा इथे पुरावा होत नाही. सीमेवर बॉर्डर फोर्सला शंका आली की गाडी थांबते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने तपासून आणायला सांगतात आणि त्याचा खर्च आयात करणाऱ्याच्या माथी. नमुना काढायचा म्हणजे ड्रम खोला, हेड उतरवा. सहा वर्षं जपलेलं इंजिन कुणी अनोळखी माणूस गोदीत उघडणार, हे भाच्याला सांगितलं तेव्हा फोनवर पहिल्यांदा शांतता झाली.

हा देश याबाबत इतका कडक का, तेही सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात विटनूम इथे निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण होती, ती १९६६ मध्ये बंद झाली. तिथले कामगार आणि त्यांची कुटुंबं त्यानंतर कित्येक वर्षं मेसोथेलिओमा या कॅन्सरने गेली. हा रोग धूळ छातीत गेल्यावर दशकांनी डोकं वर काढतो. म्हणून जुने लायनर तासताना, ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकताना आपल्या गॅरेजमधली पोरं जे करतात, ते बघून मला इथे बसून धडकी भरते. नियमाचा त्रास बाजूला ठेवा, लायनर त्या मिस्त्रीसाठी तरी बदलायला हवेत.

मॉडिफिकेशनचं म्हणाल तर त्यात आधी भारतच आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना मर्यादा घालतं. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाहीत. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. भाच्याच्या आरसीवर अजून एक्सडीपीचाच नंबर आहे. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, अशी गाडी निर्यातीला उभी केली की पहिला प्रश्न आपल्याच कस्टम्समध्ये येणार. ते निस्तरून इथे पोचलात तरी संघ सरकारची परवानगी फक्त देशात आणण्यापुरती असते, रस्त्यावर उतरवणं राज्याच्या हातात. व्हिक्टोरियात आयात केलेल्या आणि बदललेल्या गाडीला ‘व्हास’ योजनेतल्या अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. एक चांगली सोय मात्र आहे: २५ वर्षांवरच्या गाडीला क्लब परमिट मिळू शकतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवस चालवण्यापुरतं. हौसेच्या जीपला तेवढं पुरे. पण बदल ठरावीक मर्यादेबाहेर गेले असतील तर तिथेही व्हास आलंच.

उजव्या स्टेअरिंगचं म्हणणं खरं, पण नवीन गाडीला ते अपुरं. “महिंद्रा तर तिथे स्कॉर्पिओ-एन विकते!” हो, विकते. पण इथे विकली जाणारी गाडी इथल्या मानकांची मंजुरी घेऊन सरकारच्या मान्य वाहनांच्या नोंदवहीत चढलेली असते. नाशिकच्या शोरूममधून घेतलेली तिची जुळी बहीण त्या नोंदवहीत नसते. स्थलांतर करणाऱ्यांसाठी वैयक्तिक आयातीचा मार्ग आहे, पण त्यासाठी गाडी परदेशात किमान १२ महिने सलग तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी. व्हिसा लागला म्हणून घाईने गाडी घेणाऱ्यांनी हे ऐकावं.

कर शून्य हे सरळ खोटं. घरसामानाच्या सवलतीत मोटार येत नाही. सीमाशुल्काचा सर्वसाधारण दर ५ टक्के, आणि किंमत, शुल्क, जहाजभाडं व विमा धरून वर १० टक्के जीएसटी.

कारनेटवर, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात न्यायच्या कागदावर, दोन ओळी पुरेत. ते मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं आणि गाडी घेऊन जगभर फिरून परत येणाऱ्यांसाठी असतं. गाडी परत नेईन, ही त्यातली हमी आहे. कायमचं राहायला येणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

मेसेजमध्ये नसलेली आणखी एक गोष्ट: माती. सह्याद्रीत चिखल तुडवलेल्या जीपच्या पाट्यांत, चॅसिसच्या पोकळीत, सीटखाली माती, बिया, पालापाचोळा सापडला तर जैवसुरक्षेचे अधिकारी गाडी पुन्हा धुवायला लावतात, तेही तुमच्या पैशाने. वरवर फवारा मारून भागत नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून वाफेने धुवावी लागते.

भाच्याने ॲडव्हान्स भरला नाही. आता क्रम असा ठरलाय: आधी आरटीओत इंजिनचा कागद, मग मिस्त्रीकडे ड्रम आणि हेड उघडून लायनर-गॅस्केट बदलणं व नमुन्यांची तपासणी, मग रोव्हरवर अर्ज, आणि मंजुरी आली तर कंटेनर. तो आधी विमानाने येईल, जीप मागून. ताई, तुझ्या ग्रुपवर तो मेसेज अजून आहे. कोपरगावच्या काकांनी काल त्याला ‘लाइक’चा अंगठा दिलाय आणि त्यांचा मुलगा पर्थला निघालाय. तिथे हे टाक.