‘पांढरा धूर बघून कोणीही सांगेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नुकत्याच घेतलेल्या सेकंडहँड गाडीतलं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल तर काय तपासावं, या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तिचा गोषवारा देतो. लेख उगाच लांबवलाय. प्रेशर टेस्टला (कुलंटच्या वाटेत दाब भरून गळती शोधायला) १.१ बार लिहिलंय ते प्रत्येक गाडीला लागू नाही. गळती बंद करणारं लिक्विड ओतलं की काम होतं. आणि शेवटी हे वाक्य : ‘हेड गॅस्केट गेलंय हे पांढरा धूर बघून शेंबडं पोरही सांगेल, चार-चार दिवस बाटलीवर रेघा कसल्या मारायला सांगताय, हेड उतरवा आणि मोकळे व्हा.’ (हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, आणि त्याच्याखालची सांधा बंद करणारी पट्टी म्हणजे गॅस्केट.)

दाबाचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य. रेडिएटरच्या किंवा कुलंटच्या बाटलीच्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, बहुतेक वेळा तिचा आकडा छापलेला असतो. कुठे ०.९, कुठे १.१, काही गाड्यांना १.४. हातपंपाने तेवढाच दाब भरायचा, त्याच्या वर एक टोलाही नाही. नाहीतर जुनी प्लॅस्टिकची टाकी किंवा हीटरचा कोअर (आतला छोटा रेडिएटर) टेस्ट करतानाच फुटतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. मतभेद असू द्या, पण त्या लेखाखाली प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतलेले आहेत. त्यांना धुराचा रंग ओळखता येत नाही म्हणून तुम्ही त्यांना शेंबड्या पोरांच्याही खाली बसवता? धूर बघून निदान करता येतं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं सभ्यपणे लिहिता आलं असतं. आणि ते निदानही चूक आहे, म्हणूनच हे उत्तर लांबणार आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. सायलेन्सर गार असेल तर ती वाफ आतच थिजते आणि गाडी सुरू केल्यावर पांढरी होऊन बाहेर पडते. चार-पाच मिनिटांत सायलेन्सर तापला की ती दिसेनाशी होते. थंड सकाळी चांगल्या गाडीलाही हे होतं. डिझेलचा पांढरा धूर तर बऱ्याचदा न जळलेलं डिझेलच असतं. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) कमजोर झालेले असतात किंवा इंजेक्टर गळत असतो. तो धूर डोळ्यांना झोंबतो, त्याला डिझेलचा उग्र वास येतो. कुलंटचा धूर वेगळा : इंजिन पूर्ण तापल्यावरही येत राहतो, हवेत रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास असतो. हे तीन प्रकार वेगळे करता आले नाहीत तर धूर बघून काहीच कळत नाही.

समजा, धूर कुलंटचाच आहे. तरीही गॅस्केटच गेलं असं ठरत नाही. बहुतेक आधुनिक डिझेल इंजिनांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला एक्झॉस्ट गार करणारा भाग, असतो. त्यात एका बाजूने तापलेला एक्झॉस्ट जातो आणि दुसऱ्या बाजूने कुलंट. आतली नळी चिरली की कुलंट थेट इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) किंवा एक्झॉस्टमध्ये जातं. जमिनीवर थेंब नाही, तेलात पाणी नाही, गॅस्केट ठणठणीत, आणि मागून पांढरा धूर. अशा गाडीचं हेड उतरवलं तर नवं गॅस्केट, हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं), बऱ्याच इंजिनांत पुन्हा वापरायचे नसलेले हेड बोल्ट, टायमिंगचं सगळं काम, आणि गाडी परत आल्यावर कुलंट पूर्वीसारखंच कमी होत राहणार.

याच्या उलटही होतं. गॅस्केट गेलेलं असतं आणि धूर अजिबात नसतो. गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये फाटतं, ज्वलनाचा दाब कुलंटमध्ये घुसतो आणि कुलंट कॅपमधून बाहेर ढकललं जातं. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधला दाब कुलंटच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे बऱ्याचदा वायूच बाहेर येतो आणि पाणी आत फारसं शिरत नाही. मग धूर कुठून येणार? ही गाडी तुमच्या कसोटीत पास होईल आणि एखाद्या लांबच्या चढावर उकळेल.

वीस वर्षं हेड उतरवतोय आणि बसवतोय. त्या अनुभवावरून सांगतो की हेड उतरवणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या पायऱ्यांना ‘रेघा मारणं’ म्हणून हिणवू नका.

त्या रेघांचंही सांगतो, कारण लेखातला तोच भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. सपाट जागेवर, इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी सुरू करण्याआधी कुलंटच्या बाटलीवर पातळीशी चिकटपट्टी लावायची. तापलेल्या गाडीची पातळी वर चढलेली असते, तिच्याशी तुलना करू नये. मग गाडी एक दिवस अजिबात चालवायची नाही. दुसऱ्या सकाळी उभ्या गाडीची पातळी उतरलेली असेल तर गळती थंडपणी होतेय आणि बहुधा बाहेरच्या बाजूने होतेय : सैल क्लिप, आकसलेला होज (रबरी नळी), वॉटर पंपाचं सील, नाहीतर हीटर. उभी असताना उतरत नाही आणि चालवल्यावरच उतरते, तर ती तापल्यावर उघडणारी गळती, कॅप किंवा आतला मामला. या एका निरीक्षणाने बऱ्याच शक्यता मागे पडतात, आणि त्यासाठी पान्याला हातही लावावा लागत नाही. नंतरचे तीन दिवस मापाच्या पेल्याने किती मिलि टाकलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहायचं. विकणाऱ्याने नुकतंच कुलंट बदललेलं असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन तापून थंड होताना आत अडकलेली हवा निघते आणि पातळी थोडी खाली जाते. त्यानंतर ती स्थिर राहिली तर गळती नव्हतीच. अशा गाडीचं हेड उतरवायला तुम्ही सांगताय.

जुन्या गाडीबाबत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण विक्रीआधी बोनेटखालचं सगळं धुतलेलं असतं आणि जुने डाग गेलेले असतात. ते पुन्हा उमटायला तेवढे दिवस द्यावेच लागतात. वॉटर पंपाच्या पोटाखाली तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक असतं. सील गेलं की कुलंट तिथून झिरपतं आणि गरम धातूवर वाळून भोकाच्या कडेला मिठासारखी खरखरीत पांढरी-गुलाबी पापडी धरते. जमिनीवर थेंब बऱ्याचदा पडतच नाही, कारण पडण्याआधीच वाळतो किंवा पट्टा तो उडवून देतो आणि शेजारच्या कव्हरवर बारीक ठिपक्यांची ओळ उठते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खालून बघितल्याशिवाय हे दिसत नाही. धुतलेल्या इंजिनावर पहिल्या दिवशी तर नाहीच दिसत.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून गाडी विकणारेही आहेत. गाडी लवकर तापत नाही, म्हणून गिऱ्हाईक खूश. थंड इंजिन सुरू करून फॅनपासून हात लांब ठेवत वरचा होज चाचपा. बहुतेक इंजिनांत तो काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. तो का काढावा लागला, हा पुढचा प्रश्न.

कॅप मात्र सगळ्यात आधी बघायची. एक बार जादा दाबाखाली साधं पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. कॅपची स्प्रिंग मेली की हा आधार जातो आणि निरोगी इंजिनसुद्धा कुलंट बाहेर फेकतं. ज्या गाड्यांत कॅप रेडिएटरवर आणि बाटली वेगळी असते, तिथे कॅपमधली उलट बाजूची झडप अडकली तर बाहेर गेलेलं कुलंट थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही, आणि वरचा होज चेपलेला दिसतो. हे बघायला दोन मिनिटं लागतात. फक्त इंजिन थंड होऊन होज हाताला मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये, आतलं कुलंट अंगावर उसळतं.

गॅस्केटचा संशय राहिलाच तर निळ्या द्रवाची टेस्ट आहे. थंड असतानाच कॅप काढायची, कुलंटची पातळी चार बोटं खाली आणायची, उपकरण तोंडावर बसवायचं आणि मग इंजिन तापवून रबरी फुग्याने वरची हवा द्रवातून ओढायची. कुलंटमध्ये ज्वलनाचा वायू असेल तर निळ्याचा पिवळा होतो. कुलंटच त्या द्रवात शिरलं तर टेस्ट वाया. डिझेलला रिकाम्या गतीत रंग उशिरा आणि फिका बदलतो, त्यामुळे इंजिनावर जरा ताण देऊन बघावं लागतं. पेट्रोल गाडीत याहून खात्रीचं हवं असेल तर रात्रभर कॅपच्या आकड्याइतका दाब ठेवायचा, सकाळी स्पार्क प्लग काढून बारीक नळीचा कॅमेरा आत घालायचा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा पिस्टन वाफेने धुऊन निघालेला, चकचकीत असतो. बाकीचे काजळलेले असतात. तो एक चकचकीत पिस्टन दिसला की हेड उतरवा, मी स्वतः तेच सांगेन.

तेलाच्या झाकणाखालची पिवळट साय हाही पुरावा नाही. रोज छोट्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत ती ओलाव्याने येते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) नट अगदी जरा सैल करा. पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे आधी काय टपकतं त्यावरून कळतं.

गळती बंद करणाऱ्या लिक्विडबद्दल वाद घालत नाही. ते हीटरच्या बारीक नळ्यांत बसू शकतं आणि पुढची तपासणी बिघडवतं. लेख लांब वाटला तर अर्धा वाचावा. मी तो कापणार नाही.

तुमच्या स्वतःच्या गाडीचं कुलंट जात असेल तर जरूर लिहा. पण सोबत पेट्रोल की डिझेल, कॅपवरचा आकडा, किती किलोमीटरला किती मिलि आणि एक दिवस उभी ठेवल्यावर काय झालं, हे लिहा. त्याला नीट उत्तर देईन. इतर वाचकांना नावं ठेवणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे ठेवणार नाही.