‘आरती’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

थायलंडचे माजी पोलीसप्रमुख आणि आता राजकारणी असलेले सेरीपिसुत तेमियावेत यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको : “हा लेख नाही, आरती आहे. ज्याला पोलीसप्रमुखाची खुर्ची लष्करी बंडानंतरच्या सरकारने दिली, तो लोकशाहीचा शिपाई कसा? तारीखही चुकली आहे. आणि २०२३ ला पक्षाची एकच जागा आली, ते शेवटच्या ओळीत का दडवलं?”

तारखेची चूक माझीच. पोलीसप्रमुख म्हणून ऑक्टोबर २००७ मध्ये ते कायम झाले, पण हंगामी प्रमुख फेब्रुवारीपासूनच होते. दुरुस्त केलंय. आभार, मनापासून.

आता आरती. एवढा मोठा लेख वाचून माणसाला एकच शब्द सुचावा आणि तोही हा? ‘ना केचा वीर’ या बिरुदाला तुमचा आक्षेप असावा असं धरून चालतो. मी लिहिलं होतं, त्यांना तसं ‘म्हणतात’. म्हणणारे थाई लोक आहेत, मी नाही. ७ ऑगस्ट १९६५ ला नाखोन फानोम प्रांतातल्या ना बुआ गावात कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याची पहिली गोळी सुटली. ते गाव तेव्हा ना के तालुक्यात होतं. सत्तरच्या दशकात हा तरुण अधिकारी त्याच टापूत लढत होता. ही माहिती झाली. माहितीला आरती म्हणायचं असेल तर रेल्वेचं वेळापत्रकही आरतीच.

तुमचा स्वर असा आहे, जणू पोलीस म्हणजे काय ते मला कुणी सांगायचंच राहून गेलंय. साहेब, मी पोलीस लाइनीत वाढलोय. वडील हवालदार. सकाळी ओट्यावर बसून पट्ट्याचं बक्कल ब्रासोने घासायचे, त्या वासावरून आम्हाला कळायचं की आज बंदोबस्त आहे. एकदा त्यांनी वाळूचा एक ट्रक अडवला. ट्रक कुणाचा ते गावाला माहीत होतं, त्यांनाही होतं. आठव्या दिवशी बदलीचा कागद. आईने न बोलता ट्रंकेत भांडी भरली आणि मी सहामाहीच्या आधी शाळा बदलली. तेव्हा खुर्ची कोण देतो आणि कोण काढतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आणि थायलंडमध्येही ती तशीच दिली जाते. १९९८ पासून तिथलं पोलीस दल गृहखात्याखाली नाही, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आहे. सप्टेंबर २००६ मध्ये लष्करप्रमुख सोंथी यांनी बंड करून पंतप्रधान थक्सिनना पाडलं, त्यांच्या जागी सुरायुद पंतप्रधान झाले. ३१ डिसेंबरच्या रात्री बँकॉकमध्ये बाँब फुटले, त्यानंतर फेब्रुवारीत पोलीसप्रमुख कोविट गेले आणि सेरीपिसुत आले. २००८ मध्ये निवडून आलेलं समक यांचं सरकार सत्तेवर बसलं आणि थोड्याच दिवसांत यांची उचलबांगडी झाली. लष्कराच्या सरकारने दिली, लोकांच्या सरकारने काढली. यातून लोकशाहीचा काय निष्कर्ष काढायचा तो तुम्हीच काढा, स्पष्टवक्ते आहात.

“मग नाही म्हणायचं होतं,” असं तुम्ही म्हणाल. खात्यात नाही म्हणायची सोय नसते. हवालदार आणि पोलीस जनरल यांत फरक असतो, तो मला कळतो, कृपा करून शिकवू नका.

तुम्ही ज्याला हात लावला नाही ते सांगतो. पुढे ते सेरी रुआम थाई पक्षाचे नेते झाले. ‘सेरी’ म्हणजे मुक्त, आणि त्यांच्या स्वतःच्या नावातही तोच शब्द. हे जरा जास्तच झालं, असं मला वाटतं. (बघा, आरतीत असं म्हणत नाहीत.) २०१९ च्या निवडणुकीत त्यांना ५०० पैकी १० जागा मिळाल्या. मग पंतप्रधान निवडताना संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून २०१४ च्या बंडाचे नेते प्रयुत यांना ५०० मतं पडली, विरोधी उमेदवार थनाथॉर्न यांना २४४, आणि सेरीपिसुत यांचा पक्ष त्या २४४ च्या बाजूला होता. पुढे प्रयुत यांनी शपथ घेताना राज्यघटना पाळण्याचं वाक्यच गाळलं, तेव्हा भ्रष्टाचारविरोधी संसदीय समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना बोलावणं धाडणारेही सेरीपिसुतच. बंडवाल्यांच्या ताटात जेवलेला माणूस असं का करेल, याचं उत्तर तुमच्या चार वाक्यांत मला सापडलं नाही.

२०२३ च्या निवडणुकीतली ती एक जागा दडवलेली नाही. ती शेवटी आली, कारण घडलं शेवटी.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, तशी माझी रीत नाही. दोन मित्रांनी उडव म्हणून फोन केले होते, हे मात्र खरं. ‘आरती’ मागे घेतलीत तर बरं वाटेल. नाही घेतलीत तर राहू द्या तिथेच, दुरुस्त केलेल्या तारखेखाली.