अक्कांना कुणीच काही विचारलं नाही

दुपारपासून डोकं तापलंय. घरी कुणाशी धड बोलले नाही, म्हणून इथं लिहितेय. लांब होणार आहे.

सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं एका मंगल कार्यालयात आज आणि उद्या 'मोफत आरोग्य तपासणी शिबिर' आहे. बॅनर आपल्या ग्रुपवरही फिरला. मी टॉवेलच्या ऑर्डरीसाठी त्याच बाजूला गेले होते, म्हणून आत डोकावले. सगळ्या विडी कामगार बायका. कारखान्यात विड्या देऊन, पान-तंबाखू घेऊन तशाच परस्पर आलेल्या, पिशव्या मांडीवर. टेबलावर एक यंत्र. हातात नळी धरायची, मिनिटभरात लॅपटॉपवर लिव्हर, किडनी, साखर, हाडं, सगळ्याचा अहवाल. रक्ताचा थेंब न घेता साखर! प्रत्येकीच्या अहवालात काही ना काही लाल रंगात, आणि त्या प्रत्येक लाल रंगावर उपाय एकच, रेशी मशरूमच्या कॅप्सूल. जरा ऐपतीची दिसली की सोबत कॉर्डिसेप्स, म्हणजे आणखी एका बुरशीच्या कॅप्सूल.

माझ्या शेजारी बसलेल्या अक्का साठीच्या पुढच्या असतील. साखरेची गोळी चालू, बीपीची चालू, दोन्ही पायांना सूज. स्टेजवरचा माणूस कधी तेलुगूत, कधी मराठीत सांगत होता की डॉक्टरच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद करायच्या, मग शरीर आपलं आपण बरं होतं. अक्कांनी डबा घेतला. अर्धे पैसे रोख, अर्धे पुढच्या आठवड्यात. हजार विड्या वळल्यावर हातात काय पडतं, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

डबा देताना एकानंही विचारलं नाही की अक्का, ही सूज कधीपासूनची? कुठल्या गोळ्या चालू आहेत? किडनीची तपासणी केलीय का कधी? नाव, मोबाईल नंबर आणि पैसे. संपलं.

मला तिथंच आमच्या आत्या आठवल्या (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात). आत्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची बसवलीय. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी असते, आत्यांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगितला होता. हा तोल इतका नाजूक की मेथी-पालक सुद्धा एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका, असं आम्हाला बजावलं होतं. घरातल्या पालेभाजीवर लक्ष ठेवावं लागतं अशा बाईला नात्यातल्याच एकीनं याच रेशीच्या कॅप्सूल आणून दिल्या. 'मशरूमच आहे की, भाजीच म्हणायची.'

भाजी नाही हो ती. लाकडासारखी टणक, कडूजहर बुरशी आहे, झाडाच्या कुजक्या खोडावर वाढणारी. चीनमध्ये लिंग्झी म्हणतात, जपानमध्ये रेशी. तिकडं शतकानुशतकं तिचा काढा करून औषध म्हणून घेतात आणि त्याचा मी मान राखते. पण औषध म्हणूनच. तिच्यामुळं रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटणं मंदावू शकतं, असं काही अभ्यासांमध्ये दिसलंय. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये असं सांगतात. आत्यांना हे कुणी सांगायचं होतं? विकणारीनं तर झडपेचा विषयच काढला नाही.

मी वनस्पतींच्या विरोधात आहे असं कृपा करून कुणी लिहू नका. माझी दोन्ही पोरं बाळगुटीवर वाढलीत. आत्याच सहाणेवर उगाळायच्या. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, प्रत्येकाचे वेढे, म्हणजे उगाळायचे फेरे, ठरलेले. महिन्याच्या बाळाला एक वेढा, पोट बिघडलं असेल तर मुरुडशेंगेचा एखादा जास्त, जायफळाला मात्र हात आखडता, कारण त्यानं पोर गुंगतं. बाळाकडं बघून, रात्री झोपलं कसं, शी कशी झाली हे विचारून मग त्या सहाणेला हात लावायच्या. आणि बुरशीचं म्हणाल तर तीही आपल्याकडं आहेच. फणसाच्या झाडावर येणारा फणसोंबा लहान मुलांचं तोंड आलं की उगाळून लावतात. कुणी जपानहून शिकवायला आलं नव्हतं.

मधल्या मारुतीकडं जाताना एक जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे, तिथं आमचं माहेरपासून जाणं. तिथले मामा काही मागितलं की आधी मान वर करून बघायचे. कुणासाठी? वय काय? पोटुशी आहे का? आणखी काय चालू आहे? एकदा मी गुडघ्यासाठी कुणीतरी सांगितलं म्हणून बिब्बे मागायला गेले, तर म्हणाले, पोटात घ्यायचे असतील तर वैद्यांची चिठ्ठी आण बाई, नाहीतर नाही देत. तेव्हा राग आला होता. बिब्बा, बचनाग, कुचला, गुंज ही सगळी आपल्या औषध कायद्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय पोटात द्यायची नाहीत. मामांना ते त्यांच्या वडिलांकडून माहीत होतं. गिऱ्हाईक परत पाठवायचं, गल्ल्यात पैसे येत असताना. याला मी वैद्यकी म्हणते.

'नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाही', हे स्टेजवरून ज्या बिनधास्तपणे सांगितलं ना, तिथं माझा तोल गेला. अहो, आपल्या दारातली सदाफुली घ्या. कुंडीत, गटाराच्या कडेला, कुठंही येते. तिच्यापासून काढलेलं व्हिनक्रिस्टीन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देतात. ते वाढणाऱ्या पेशी मारतं, म्हणूनच औषध आहे. मोजून-मापून, रक्ताचे रिपोर्ट बघून, सलाईनमधून देतात. आणि आपल्याकडं साखरेसाठी सकाळी तिचीच पानं चावणारी माणसं मी बघितलीत. सर्पगंधेचं तेच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की सर्पगंधेनं बीपी उतरतं, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आपल्याच मुळीचं नाव झालं, मला त्याचा अभिमान आहे. पण तिच्यातलं रेसर्पिन जास्त झालं की माणूस खिन्न होऊन बसतो, हेही पुढं दिसलंच. वनस्पतीत ताकद आहे म्हणता, मग त्या ताकदीला माप नको?

हो, डॉक्टरी गोळ्यांनाही दुष्परिणाम आहेत. आहेतच. मान्य.

गुळवेलीचं आठवतंय का? कोरोनात सोलापुरात एक कडुनिंब सोडला नव्हता लोकांनी, त्यांवर चढलेल्या वेली ओरबाडून काढे केले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलं की गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झालेली दिसली. आयुष मंत्रालयानं लगेच उत्तर दिलं की गुळवेलीला बदनाम करू नका, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, नेमकी कुठली घेतली ते आधी तपासा. लोक दोन गट करून भांडत बसले. मला दोघांचंही एकच ऐकू आलं. पोटात नक्की कुठली वेल जातेय हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. चुलीपाशी बसून काढा उकळणाऱ्या बाईनं ते कसं ओळखायचं?

आणि तिथं तर वेल डोळ्यांनी दिसत तरी होती. डब्यातल्या भुकटीत काय आहे ते कोण बघणार? आज स्टेजवर हिमालयाचे फोटो दाखवले. पिथौरागडकडची कीडाजडी, म्हणजे हिमालयातलं कॉर्डिसेप्स, बर्फ वितळल्यावर लोक डोंगरावर रांगत जाऊन एकेक काडी उपसतात, ते सगळं. अळीच्या अंगात बुरशी वाढते आणि डोक्यातून कोंब फुटतो, गोष्ट खरी आहे आणि अद्भुत आहे. डबा हातात घेऊन वाचला तर आत कॉर्डिसेप्स मिलिटारिस. ती वेगळी जात, बंद खोलीत तांदळावर वाढवतात. तीही चांगली असेल. पण फोटो डोंगराचा आणि माल खोलीतला, ही फसवणूक आहे.

त्याच डब्यावर मागं, बारीक अक्षरात, इंग्रजीत छापलंय की हे औषधी वापरासाठी नाही, कुठलाही आजार बरा करण्यासाठी नाही. कायद्यानं छापावंच लागतं, कारण परवाना अन्नपदार्थाचा घेतलेला असतो. म्हणजे कागदावर अन्न आणि माईकवर औषध. अक्का तेलुगू बोलतात, मराठी कळतं, इंग्रजी येत नाही. १९५४ पासून या देशात कायदा आहे की मधुमेह, कॅन्सर, बीपी, हृदयविकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायची नाही. त्यात तोंडी केलेली घोषणाही जाहिरातच धरलीय. उगाच नाही धरली. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांनी असे माईकवाले बघितले असणार.

पुन्हा आत्यांवर येते, कारण खरा राग तिथं आहे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर काळेनिळे डाग. त्यांनी कॅप्सूल देणारीला फोन केला, तर ती म्हणाली, 'घाबरू नका, आतली घाण बाहेर पडतेय, दोनाच्या चार करा.' आणि आत्यांनी केल्या! आयएनआर सहाच्या वर गेला तेव्हा आम्हाला कळलं. ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, या कॅप्सूलमुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण या गोळीबरोबर न विचारता काहीही घ्यायचं नव्हतं. इतकं प्रामाणिक उत्तर मला पुरलं. बाटली सापडली तुरीच्या डब्याच्या मागं.

लपवली का? तर आधीच्या एका डॉक्टरांना त्यांनी एकदा कसल्याशा काढ्याचं सांगितलं होतं आणि ते सगळ्या पेशंटांसमोर ओरडले होते, 'मग माझ्याकडं कशाला येता?' त्या दिवसापासून आत्यांनी डॉक्टरांना काही सांगणंच सोडलं. डॉक्टर मंडळींनो, माझ्या यादीत तुम्ही बरेच आहात म्हणून सांगते, तुमच्या त्या एका ओरडण्यावर यांचं दुकान चालतं. स्टेजवरचा माणूस अक्कांचा हात हातात घेऊन बोलत होता. ओपीडीत त्यांच्याकडं मान वर करून बघायला कुणाला वेळ असतो? गर्दी असते, माहीत आहे. तरी 'आणखी काय घेताय?' एवढं विचारायला किती वेळ लागतो?

डबे वाटणारी पोरगी आमच्या ओळखीची निघाली. बी.कॉम. झालेली, नोकरी नाही. तिनं आधी स्वतःच्या पैशानं डबे घेतलेत, ते खपवल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. तिची आईपण हेच घेते. तिच्यावर ओरडायला गेले आणि जमलं नाही. तिचा विश्वास आहे त्यावर, मनापासून. तिला एवढंच म्हटलं, निदान विचारत जा गं, समोरची काय काय घेते ते. ती म्हणाली, ताई, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, आजाराचं जास्त विचारायचं नाही, गिऱ्हाईक बिचकतं.

अक्कांशी बाहेर बोलले. डबा परत घेत नाहीत म्हणे. साखरेची आणि बीपीची गोळी बंद करायची नाही, हे तीनदा म्हणवून घेतलं. सोमवारी त्यांना घेऊन सिव्हिलला जातेय, डबा आणि गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून, सुजेचं दाखवायला. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार मी लिहून ठेवलीय, बॅनरचा आणि डब्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडून. आज आणखी कुणी तिथं होतं आणि स्टेजवरचं बोलणं रेकॉर्ड केलं असेल तर मला पाठवा.

शिबिर उद्याही आहे, सकाळी दहापासून. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आया, सासवा, मावश्या पूर्व भागात राहतात. आज रात्रीच फोन करा. डबा आधीच घरात आला असेल तर आरडाओरडा नको, नाहीतर तोही डाळीमागं जाईल. त्याचा आणि चालू गोळ्यांचा फोटो मागवा आणि ज्यांची औषधं चालू आहेत त्या डॉक्टरांना दोन्ही दाखवा. कुणाला सोबत हवी असेल तर मला सांगा, मी येते.