पिठल्याच्या रंगाची गाडी

सांगलीला आमच्या घरात दोन कामं माझ्या वाट्याला होती. सकाळी दूध आणणं आणि फियाट ढकलणं. दूध रोज असे. फियाट पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्यातून दोनदा. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी होती, पण तिला पद्मिनी म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. बाबा आत बसायचे, मी आणि वरच्या मजल्यावरचे काका मागे. गल्लीच्या उतारावर “हां, आता!” अशी आरोळी यायची, गाडी एक आचका द्यायची, माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर धुराचा भपकारा सोडायची आणि निघून जायची. निघूनच जायची. थांबवली तर पुन्हा बंद पडेल म्हणून बाबा विश्रामबागेच्या चौकाला वळसा घालून परत येत, आणि तोवर आम्ही काळे हात पुढे धरून रस्त्यात उभे.

तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठा झालो की किल्ली फिरवल्यावर सुरू होणारी गाडी घ्यायची. घेतलीही. इंग्लंडात रेडिंगला आल्यावर बारा वर्षं मी अशा जपानी गाड्या चालवल्या, ज्यांचं बॉनेट कुठून उघडतं हे मला माहीत नव्हतं. आणि मग पंचेचाळिसाव्या वर्षी, कष्टाच्या पैशाने, पूर्ण शुद्धीत, मी १९७२ सालची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकत घेतली. रोज चालवायला.

यातल्या ‘रोज चालवायला’ या शब्दांशी सगळे अडखळतात. जुनी गाडी रविवारी पुसायला, लग्नात नवरा-नवरीला मिरवायला, झालंच तर गॅरेजात झाकून ठेवून अधूनमधून झाकण उचलून बघायला असते, असं सभ्य माणसांचं मत आहे. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना? वा! मोठी आहे हो ती.” संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं होतं की मुलाने हेक्टर घेतली. मी फोटो पाठवला. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या. मग उत्तर आलं : “दुसऱ्या कुणी घेतली नाही का?”

आता माझी बाजू. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनली, म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या आत. जीटी म्हणजे तिची छप्परवाली बहीण, १९६५ची. त्या छपराची रेघ इटलीच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीची. सगळ्या मिळून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही जीरं-मोहरीसारखे मिळतात. अख्खा सांगाडासुद्धा नवा मिळतो. शिवाय इंग्लंडात गाडीने चाळिशी ओलांडली की रोड टॅक्स माफ, वार्षिक तपासणीची सक्ती नाही आणि लंडनच्या प्रदूषण क्षेत्रात दिवसाचे साडेबारा पौंडही लागत नाहीत. माझ्या मित्राची २०१३ची डिझेल गाडी तिथे दंडासारखे पैसे भरते, आणि माझी, जिच्या मागे उभं राहिलं तर श्रावणातल्या होमाची आठवण येते, ती फुकट जाते. हा हिशोब मी बायकोला मांडून दाखवला. ती म्हणाली, “चाळिशीनंतर तपासणी माफ? मग तुझंही तसंच समजायचं का?”

तिची एकच अट होती, डोक्यावर छप्पर हवं. माझीही एकच, बंपर क्रोमचे हवेत. १९७४च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांपायी या गाड्यांना काळे रबरी बंपर आले आणि त्यांची उंचीही वाढली. उंच स्पोर्ट्स कार म्हणजे सोवळं नेसून सायकल चालवणं. चालतं, पण बघवत नाही.

पहायला जाताना लोहचुंबक न्यायचं असतं, एवढं मी वाचून ठेवलं होतं. या गाडीला वेगळी चौकट नाही. दाराखालून जाणारे पत्र्याचे पोकळ पट्टे, ज्यांना सिल म्हणतात, तेच तिचा कणा. ते गंजले की लोक आतून काही करत नाहीत, वरून पुट्टी भरून रंग मारतात. पत्र्याला चुंबक धरतं, पुट्टीला धरत नाही. घरात चुंबक म्हणून फ्रिजवरचा मोरगावचा मोरेश्वर तेवढा होता. तो मी रुमालात गुंडाळून नेला.

पहिली गाडी एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, गाडीला कधी पाऊस दाखवला नाही असं सांगितलं. मी गुडघे टेकून मोरेश्वराला दाराखाली लावलं. तो चिकटला नाही. थोडा पुढे लावला. तो घसरून ओल्या गवतात पडला. मी उचलून कपाळाला लावला, सवयीने. गृहस्थ माझ्याकडे बघत होते. “ही काही भारतीय पद्धत आहे का?” त्यांनी अदबीने विचारलं. मी हो म्हणालो. गणपतीने नाही म्हटलं की आम्ही घेत नाही. त्यांनी ते विनातक्रार मान्य केलं. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत सोपी घासाघीस.

दुसरीकडे मात्र मीच देवाचं ऐकलं नाही. डावीकडे मोरेश्वर घट्ट बसला. उजवीकडे मागच्या चाकाशी वीतभर जागेत त्याने स्पष्ट नापसंती दाखवली. पण तोवर मी आत बसलो होतो. बारीक काड्यांचं मोठं स्टिअरिंग, चामड्याचा आणि पेट्रोलचा मिसळलेला वास, आणि लांबच लांब बॉनेट. रंगाचं नाव हार्वेस्ट गोल्ड. आमच्याकडे त्याला पिठलं म्हणतात. साडेआठ हजार पौंड मोजून मी ते पिठलं घरी आणलं. ती वीतभर जागा उघडल्यावर हातभर निघाली, आणि वेल्डिंगवाल्याने दोन्ही बाजूंचे अडीच हजार घेतले. मोरेश्वर परत फ्रिजवर गेला. तो अजून माझ्याकडे बघतो.

विम्याचं सांगायचं राहिलं. जुन्या गाडीचा विमा स्वस्त असतो, हे खरं. पण “मी तिने ऑफिसला जाणार आहे” म्हटल्यावर फोनवरच्या बाईंचा आवाज, मुलगा नोकरी सोडून नाटकात जाणार असं ऐकलेल्या मावशीसारखा झाला.

तर ऑफिस. मंगळवार आणि गुरुवार, जाऊन-येऊन बावीस मैल. हिला साधं पेट्रोल चालत नाही. २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. म्हणून महागातलं. दर तीन हजार मैलांनी, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीसगनने ग्रीस. बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, आणि त्या मागच्या सीटखाली दडवलेल्या. तपासायच्या तर आधी डबा, छत्री, मुलीचं दप्तर असा सगळा संसार बाहेर काढायचा.

पण सगळ्यांत जीव लावला तो पेट्रोलच्या पंपाने. तो विजेवर चालतो आणि गाडीच्या मागच्या उजव्या बाजूला असतो. किल्ली अर्धी फिरवली की मागून टक-टक-टक असा आवाज येतो, दारावर कुणी भिडस्त पाहुणा आल्यासारखा. पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की टकटक मंदावते आणि थांबते. मग थंड इंजिनासाठी चोकची कळ ओढायची आणि सेल्फ मारायचा. टकटक आलीच नाही, तर पंपातले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटलेत असं समजायचं. त्यावरचा शास्त्रोक्त उपाय म्हणजे पंपाला टोला मारणे. मी थट्टा करत नाही, सगळे हेच करतात. हातोडीने पंप फुटेल म्हणून मी डिकीत बायकोचं जुनं लाटणं ठेवलंय. एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, मोठ्या साहेबांच्या मीटिंगनंतर, टाय खांद्यावर टाकून मी जमिनीवर आडवा पडलो होतो आणि गाडीच्या पोटाला लाटण्याने हलके हलके ठोकत होतो. सिक्युरिटीवाला आला. वाकून बघितलं. “सर, पोलिसांना बोलावू की डॉक्टरांना?” तेवढ्यात पंप बोलला. टक-टक-टक. मला इतका आनंद झाला की मी त्याला लाटणं वर करून दाखवलं. तो दोन पावलं मागे सरला.

सप्टेंबरात आई-बाबा आले. हीथ्रोवर बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॅगा मावणार नाहीत हे एका नजरेत ओळखलं आणि आईला सुनेच्या गाडीत बसवून स्वतः माझ्या शेजारी बसले. मोटरवेवर त्यांनी तोंड उघडलं नाही. कान देऊन बसले होते. घर आल्यावर म्हणाले, “पेट्रोल जास्त जातंय. आणि चढावर ओढताना अडखळते. बॉनेट उघड.”

मी बॉनेट उघडलं. बाबांनी बाह्या सारल्या. कार्बोरेटर दोन बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी माझ्या पदवीदान समारंभातही पाहिलं नव्हतं. दोन्हींवर एकेक काळी टोपी आहे. ती फिरवून उचलली की खाली पितळी सळई असते आणि आत बोटभर तेल असावं लागतं. बाबांनी सळई काढली, चिमटीत धरून उन्हाकडे केली. कोरडी. “यात तेल कधी घातलं होतंस?” माझा चेहराच बोलला असावा, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. असला कार्बोरेटर फियाटला नव्हता, त्यांनी तो जन्मात पाहिला नव्हता. पण कोरडी सळई कोरडीच असते म्हणाले. मग चोकची कळ पाहिली. ती धरून ठेवली नाही तर हळूहळू आत जाते, हे मी सांगायच्या आत ते घरात गेले आणि दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घेऊन आले. फियाटलाही तेच होतं. निळा चिमटा. मला तो आठवला आणि का कोण जाणे, शर्ट जपावासा वाटला.

त्या गुरुवारी सकाळी किल्ली फिरवली, तर काहीच नाही. टकटक नाही, सेल्फ नाही, दिवा नुसता मिणमिणता. आदल्या रात्री मीच पार्किंगचे दिवे चालू ठेवले होते. माझी मीटिंग नऊला. बाबा स्वेटर चढवून बाहेर आले. पाठोपाठ शेजारचे इंग्रज आजोबाही आले, पायात घरातल्या सपाता. दोघांमध्ये एका शब्दाची भाषा समान नव्हती. बाबांनी उताराकडे बोट केलं, आजोबांनी मान हलवली आणि दोघं गाडीमागे जाऊन उभे राहिले.

“बाबा, तुम्ही आत बसा, मी ढकलतो,” मी म्हणालो.

“विम्यात माझं नाव आहे का?”

“नाही.”

“मग बस गपचूप. दुसरा गिअर. क्लच दाबून ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

गाडी हलली. आरशात बाबांचं टक्कल आणि आजोबांची टोपी शेजारी शेजारी दिसत होती. उतार आला. “हां, आता!” मी क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला, खोकली, आणि धरली. मी चिमटा नीट बसवला आणि थांबलो नाही. थांबलो असतो तर बंद पडली असती. कोपऱ्यावर वळताना आरशात बघितलं. धुरात दोघं म्हातारे हात पुढे धरून उभे होते, आणि बाबांचा पांढरा स्वेटर छातीपासून खाली काळा झाला होता.