पासंग सरासरीने जात नाही

इंदूरला प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरू लागतो: "महागडा सेन्सर कशाला? एकाच मॉडेलचे चार स्वस्त लावा, सरासरी घ्या, चूक निम्मी. शंभर रीडिंग घेतली तर दहा पट कमी. उरलंसुरलं सॉफ्टवेअर बघून घेईल." यंदा तो भाच्याने मला पाठवला, म्हणून हे लिहितोय.

शंभर रीडिंगांनी चूक दहा पट कमी होते, पण ती फक्त नॉइजची. कधी वर, कधी खाली जाणारी चूकच सरासरीत विरते. सराफ्यातला जुना तराजू आठवा. एक पारडं जड असलं तर दुसऱ्यात पासंग टाकून काटा मध्यावर आणायचे. पासंगाविना शंभर वेळा तोला, शंभरही वेळा तोच फरक येईल. दांडीची एक बाजू लांब असली तर पासंगही पुरत नाही, कारण ती चूक वजनाबरोबर वाढते. सर्किटमध्ये पहिलीला ऑफसेट म्हणतात, दुसरीला गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट होतो त्याचा, फरक.

"एकाच मॉडेलचे म्हणजे सारखेच"? साध्या रेझिस्टरवरचा टॉलरन्सचा तपकिरी पट्टा पाहा: १ टक्का इकडेतिकडे, असं बनवणाराच सांगतो. तेवढ्याने काय होतं? आपल्याच गावात राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा २.५ गीगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवणारं यंत्र, आहे. अशा यंत्रांत इलेक्ट्रॉनांचा झोत नळीच्या मध्यापासून किती सरकला, ते चार इलेक्ट्रोडांच्या सिग्नलांवरून काढतात: डावे-उजवे यांतला फरक भागिले चौघांची बेरीज, गुणिले नळीच्या आकारावरून ठरणारा आकडा. तो आकडा २० मिलिमीटर धरा. झोत अगदी मध्यावर, पण एका चॅनेलचा, म्हणजे एका इलेक्ट्रोडचा सिग्नल मोजणाऱ्या सर्किटचा, गेन १ टक्का जास्त. उत्तर येतं: झोत ५० मायक्रॉन सरकलाय! चार सेन्सर असूनही.

सॉफ्टवेअर तेव्हाच मदत करतं, जेव्हा फरक आधी मोजलेला असतो. त्यातही वेळेचा फरक फार छळतो. वेग वाढवायला चार एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपा, आळीपाळीने चालवतात. त्यातला एक १ पिकोसेकंद उशिरा जागा झाला, तर १०० मेगाहर्ट्‌झच्या सिग्नलवर त्याची चूक ०.०६ टक्के, १ गीगाहर्ट्‌झवर ०.६ टक्के. म्हणजे एकच ठरावीक गुणक लावून भागत नाही. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, मूळ सिग्नलात नसलेल्या रेघा उभ्या राहतात. अशा स्पेक्ट्रमांची सरासरी घेतली की नॉइज एकसारखा सपाट होतो आणि त्या खोट्या रेघा आणखी ठळक होतात. त्यांना खरं सिग्नल समजून रिपोर्ट लिहिलेले मी पाहिलेत, आणि त्या पोरांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: दोन्ही चॅनेलना आधी एकच सिग्नल दे, फरक लिहून ठेव. मग वायरी अदलाबदल करून पुन्हा मोज, जसं पारडी बदलून तोलतात. गेनची चूक आता उलट बाजूला जाते, आणि या दोन रीडिंगांची सरासरी मात्र जरूर घे. मे महिन्यातल्या दुपारी हे सगळं परत कर. गेन तापमानाबरोबर सरकतो.